आंबेनळीपलीकडची पाचगणी

माझी मुलगी पाचगणीला राहते. महाडहून सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस तिच्या दारात पोचतो. तरी ती तिकडे राहायला गेल्यापासून मी एकदाही गेले नव्हते. सण आला की तीच खाली यायची, आणि मधे कधी माझे यजमान रजा काढून तिच्याकडे जाऊन यायचे. मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. परीक्षा, दाखले, शिष्यवृत्त्या, न जायला निमित्त कधी कमी पडलं नाही. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. वाटेत आंबेनळी घाट होता.

माझं माहेर पोलादपूरपासून आत, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत. ज्या पावसात महाड बुडालं, त्याच पावसात आमच्या वाडीवर दरड आली. आम्ही तेव्हा महाडात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जाताना बघत होतो. वीज नव्हती, फोन मुके झाले होते. पाणी उतरल्यावर पोलादपूरकडून चालत आलेला एक ओळखीचा माणूस खालूनच ओरडला, "ताई, तुमच्या वाडीवर डोंगर आला!" कोण आहे, कोण नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. दादा-वहिनी जिवंत असल्याचं कळेपर्यंत मी चिखलाने भरलेल्या घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

ते दोघं वाचले ते थोडक्यात. घरामागच्या ओढ्याचं पाणी एकदम लाल झालं म्हणून वाडीतली माणसं संध्याकाळीच देवळात जाऊन बसली होती. शेजारचे काका गुरं सोडायला म्हणून परत गेले, ते आलेच नाहीत. दादाचं अर्धं घर मातीखाली गेलं.

त्यानंतर माझं डोंगराशी जमेना. आमच्याकडून कुठेही वर जायचं म्हणजे घाट आलाच. भोरला जायला वरंध घाट, महाबळेश्वरला जायला आंबेनळी. भोरला चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, तेही मी ताप आलाय सांगून टाळलं. भर उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत दिवसातसुद्धा, रस्त्याच्या कडेला उभी कापलेली दरड दिसली की माझी नजर तिच्या माथ्यावर जायची आणि तिथेच अडकायची.

मुलीने चित्रकलेचं शिक्षण घेतलं. महाडातच एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली. मग सुट्टीत पाचगणीला मातीकामाच्या एका शिबिराला गेली आणि परत आली तीच मुळी तिथे राहायचं ठरवून. "आई, मला माती जमते," एवढंच म्हणाली. शेजारणी विचारायच्या, "मुलगी काय करते हो?" मी सांगायची, "मातीची भांडी." त्यावर कुणीतरी विचारायचं, "आणि लग्नाचं काय?"

परवाच्या संक्रांतीआधीची गोष्ट. मुलीचा फोन आला, या वेळी येत नाही, मातीकामाच्या स्टुडिओत काम खूप आहे. आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचो. चार-पाच दिवस झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ती मोबाईल डाव्या हातात धरते आणि उजवा हात कधीच दिसत नाही. मी म्हटलं, "उजव्या हाताने पाणी पिऊन दाखव."

"काय गं आई, काहीतरीच."

"दाखव म्हणते ना."

तिने हात वर केला. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत पांढरं बँडेज. भट्टीतून भांडी ठेवायची तापलेली फळी काढताना हातमोजा सरकला होता. "थोडंसं भाजलंय. डॉक्टर म्हणाले, बरं होतंय," ती म्हणाली. पण माझ्या कानावर पडलं ते फक्त 'भाजलंय'. मातीकाम करणाऱ्या मुलीचा उजवा हात. तो वाकडा राहिला तर? बोटं मिटलीच नाहीत तर?

यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत आहेत. त्यांच्याकडे प्लँट बंद करून दुरुस्तीचं काम चाललं होतं, रजा मिळण्यासारखी नव्हती. "रविवारी मी जातो," ते म्हणाले. रविवार फार लांब होता. मी वहिनींना फोन लावला. "पाचगणीला जायचंय. माझ्याबरोबर याल?"

वहिनींनाही आंबेनळीचं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "वन्सं, सकाळच्या गाडीत बसा. मी पोलादपुरात चढते. दारातली जागा नको, आत बसा."

सकाळी महाडहून गाडीत बसले. पोलादपूर स्टँडवर वहिनी नऊवारी खोचून, डोक्यावर एक बोचकं घेऊन उभ्या होत्या. बोचक्यात नाचणीच्या भाकऱ्या, सुकी सोडे-बटाट्याची भाजी, तीळ आणि गूळ. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी मला आतल्या बाजूला सरकवलं आणि स्वतः खिडकीशी बसल्या. चांगल्या अंगाने भरलेल्या बाई. मला बाहेरचं काही दिसूच नये अशा बसल्या.

घाट लागला. पहिल्या वळणाला मी डोळे मिटून घेतले. वहिनींनी माझा हात धरला नाही की समजूत घातली नाही. त्या सरळ बोलायला लागल्या. या वर्षी वाल कसा आला, दादा गुडघ्याला काय लावतो, सरकारने बांधून दिलेल्या नव्या घरात मोरी कशी चुकीच्या बाजूला आहे. मी मधे मधे हुं म्हणायची. एका वळणावर गाडी जोरात कण्हली, माझ्या तोंडून "आई गं" निघालं. वहिनी म्हणाल्या, "मोरीचं आयका आधी." आणि मला, त्या तसल्या अवस्थेत, हसू आलं.

कुंभरोशीला गाडी थांबली. माणसं प्रतापगडाकडे जायला उतरली. मी डोळे उघडून बघितलं तर आम्ही बरंच वर आलो होतो. गार वारा आत येत होता. "निम्मं झालं," वहिनी म्हणाल्या. पुढचं निम्मं मी डोळे उघडे ठेवून काढलं, मात्र नजर पुढच्या सीटच्या मागे कोरलेल्या बदामावर.

पाचगणीच्या स्टँडवर मुलगी उभी होती. मी गाडीतून उतरले आणि आधी तोंड न बघता हात बघितला. "आई, इथे रस्त्यात नको," ती म्हणत होती. मी तिथेच म्हटलं, "मूठ वळून दाखव." बँडेज आता पातळ होतं, बोटं मोकळी होती. तिने सावकाश एकेक बोट मिटलं. अंगठाही आत घेतला. मग उघडली मूठ, पुन्हा वळली.

"दुखतंय?"

"ओढतंय थोडं. नवी कातडी आलीय ना."

मी तिथे स्टँडच्या कट्ट्यावर बसले. सकाळपासून, खरं तर त्या फोनपासून, मी पूर्ण श्वासच घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. वहिनींनी बोचकं खाली ठेवलं, मुलीचा हात स्वतःच्या हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. चल गो बाय, भूक लागलीय." दुपारी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तेच सांगितलं. जखम वरवरची, बोटं छान हलताहेत, अजून थोडे दिवस चाक आणि भट्टी बंद. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तेच उत्तर दिलं. बाहेर पडल्यावर यजमानांना फोन केला. "मूठ वळते," मी म्हटलं. "बरं झालं," ते मशीनच्या आवाजातून म्हणाले.

आता मला आजूबाजूचं दिसायला लागलं. पाचगणी म्हणजे शाळा आणि स्ट्रॉबेरी, एवढंच मला ठाऊक होतं. मुलीची पाचगणी निराळी निघाली. सिल्व्हर ओकच्या रांगांमागे जुने दगडी बंगले, आणि त्यातल्या कुठल्याही बंगल्याच्या व्हरांड्यात कुणी ना कुणी काहीतरी करत बसलेलं. एकीकडे एक म्हातारे गृहस्थ लाकडात पक्षी कोरत होते. बेकरीच्या भिंतीवर बिस्किटांच्या बरण्यांच्या वर नवशिक्या चित्रकारांची चित्रं टांगलेली. एका गल्लीतून जाताना कुणीतरी व्हायोलिनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं. मुलीला सगळे ओळखत होते. "हात कसा आहे?" असं भाजीवालीपासून त्या पक्षीवाल्या आजोबांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मी मनात म्हटलं, ही इथे एकटी नाही. ही गोष्ट तिने मला फोनवर कितीदा सांगितली होती, पण मला ती त्या रस्त्याने चालताना पटली.

एका बंगल्यात चित्रांचं प्रदर्शन होतं. हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या एका मोठ्या चित्रासमोर वहिनी बराच वेळ थांबल्या. मी म्हटलं, "कळतंय का काही?"

"कळायचं काय त्यात? बरं वाटतंय बघायला," असं म्हणून त्या पुढच्या चित्राकडे गेल्या.

संध्याकाळी मुलीने आम्हाला टेबललँडवर नेलं. डोंगराच्या माथ्यावर एवढं सपाट मैदान मी पहिल्यांदा बघितलं. घोडे, फिरायला आलेली माणसं, पतंग. वहिनी मधोमध उभ्या राहून चौफेर बघत राहिल्या. "एवढी सपाट जागा, आणि वर फक्त घोडे फिरवतात!" त्यांनी वाकून जमीन चाचपली. खडक होता. "मग बरोबर हाय," म्हणाल्या. मी कडेला गेले नाही. पण मैदानावर मोकळेपणाने चालले. इथे वरून काही येण्यासारखं नव्हतं. वर फक्त आभाळ होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेअर जीपने क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. वहिनींना पंचगंगेच्या देवळात जायचंच होतं. दगडी देऊळ, आत गारवा, भिंतीतून पाच नद्यांचं पाणी झिरपत येतं आणि गोमुखातून कुंडात पडतं. मी गुरुजींना विचारलं, "यातली सावित्री कुठली?" त्यांनी एका कोनाड्याकडे बोट दाखवलं. मनगटाएवढीही धार नव्हती. हीच पुढे पोलादपूरवरून आमच्याकडे येते, महाडला वळसा घालून दासगावकडे खाडीला मिळते. हिनेच आमचा जिना गिळला होता.

"एवढीशी?" मी म्हटलं.

"लहान हाय तवर गुणाची दिसते," वहिनी म्हणाल्या आणि ओंजळ भरून प्यायल्या. मुलगी इतकी हसली की गुरुजींनी मागे वळून बघितलं. मीही ओंजळ भरली. पाणी दातांना झोंबण्याइतकं गार होतं. मला राग येईल असं वाटलं होतं, तो काही आला नाही.

परत येताना मुलगी जीपमध्ये काळजीत होती. तिच्या काळजीचं कारण वेगळं होतं. हात भाजण्याआधी तिने चाकावर केलेली भांडी त्या वेळच्या भट्टीत गेली नव्हती, ती आत्ता लावली होती. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी आणि दुसऱ्या एका मुलीने मिळून भट्टी भरली, पेटवली. आता ती निवत होती. उद्या सकाळी उघडायची होती, आणि शनिवारी त्या भांड्यांचं प्रदर्शन. तिचं पहिलं, स्वतःचं म्हणावं असं. "वरची काचेसारखी झिलई नीट बसली नाही तर सगळंच गेलं," ती म्हणाली. "मी हात लावू शकले नाही ना या वेळी. नुसती शेजारी उभी होते."

सकाळी आम्ही तिघी स्टुडिओत गेलो. बंगल्यामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये विटांची भट्टी, माणूस आत बसेल एवढी. मालकीणबाई सत्तरीच्या, उंच, केस कापलेले, अंगात मातीने माखलेला स्वेटर. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमची लेक गेला आठवडाभर झोपलेली नाही. आज एकदा उघडू आणि मोकळे होऊ." त्यांनी भट्टीच्या भिंतीला हात लावून पाहिला, मग कडी काढली.

दार उघडलं तशी आतून उबदार हवा अंगावर आली. मुलगी पुढे झाली नाही. तिने माझ्या साडीचा पदर धरला होता, लहानपणी धरायची तसा. बाईंनी पहिली वाटी बाहेर काढली, उजेडात फिरवली, आणि तिच्या डाव्या हातात दिली.

वाटी काळसर तपकिरी होती, काकवीसारखी. कडेला जिथे झिलई पातळ झाली होती तिथे तांबूस. आणि त्या तांबूसातून मधेच सोनेरी ठिपके उमटलेले. मुलगी नुसती बघत राहिली. मग दुसरी आली, तिसरी आली, एक बसका लोटा आला. एक ताट तडकलं होतं, एका पेल्याचा तळ फळीला चिकटला. बाकी सगळी भांडी चांगली होती. मुलगी खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रड आता. हक्काचं रडणं आहे."

मी एक पेला उचलला. अजून कोमट होता. म्हटलं, "रंग कुठून आणलास हा? किती सुंदर आहे."

ती डोळे पुसत मामीकडे बघायला लागली. वहिनी शेडच्या खांबाकडे बघायला लागल्या.

"आई, चिडू नकोस," ती म्हणाली. "ती वाडीची माती आहे. दरडीची. चाळून, पाण्यात भिजवून, राखेत मिसळून झिलई केली."

माझ्या हातातला पेला जड झाला. त्या मातीखाली आमचं घर होतं. शेजारचे काका होते. मी म्हटलं, "ती माती कशाला आणलीस?" आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण मालकीणबाई हळूच बाहेर निघून गेल्या.

"मीच पाठवली," वहिनी म्हणाल्या. "पोरीनं मागितलीन. दिवाळीला वाडीवर आली होती, तवा गोणपाटात भरून दिली. तुमाला नाय सांगितलं, तुमी नको म्हटलं असतंत."

"वहिनी, तुम्ही? तुमचं घर गेलं त्यात."

"घर गेलं. पण त्याच मातीत यंदा वाल लावला ना वन्सं. नाचणी केली. भाकरी तुमी परवा खाल्लीत." त्या पुढे आल्या आणि माझ्या हातातून पेला घेऊन उन्हात धरला. "तो डोंगर आता काय लांब ठेवायचा? आमी तिथंच राहतो. पोरीला ती माती आवडली, मला बरं वाटलं. कुणाला तरी आवडली."

मी शेडच्या बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलगी येऊन शेजारी बसली. तिने विचारलं, "ही भांडी प्रदर्शनात नको ठेवू का?" मी तिच्या तळव्याकडे बघितलं. नव्या कातडीचा गुलाबी रंग बँडेजच्या कडेने दिसत होता. मी म्हटलं, "ठेव. पण काकांच्या सुनेला एक वाटी द्यायची, माती कुठली ते सांगून. तिला नको असेल तर परत घ्यायची."

"मामीने आधीच विचारलंय तिला," मुलगी म्हणाली. "ती हो म्हणाली."

म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, फक्त मला सोडून. सगळ्यांनी मिळून मला इतकी वर्षं किती सांभाळून घेतलं होतं. मला आधी थोडं वाईट वाटलं, आणि मग फार हलकं वाटलं. आता कुणाला माझ्यासमोर शब्द तोलायला नकोत.

शनिवारी व्हरांड्यात टेबलं मांडली. मुलीचा हात चालत नव्हता म्हणून भांडी पुसून मांडण्याचं काम आम्ही दोघींनी केलं. वहिनींनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. लोक येत होते, पेले हातात घेऊन ओठाशी नेऊन बघत होते. कुणी विचारलं की मुलगी सांगायची, "पोलादपूरच्या डोंगरातली माती आहे." एवढंच. दुपारी त्या पक्षीवाल्या आजोबांनी एक लोटा निवडला आणि तो दिवसभर काखेत धरून फिरत राहिले.

रविवारी आम्ही निघालो. यजमान येणार होते, त्यांना मी फोन करून सांगितलं, आता नका येऊ, आम्हीच येतो. मुलीने स्टँडवर मूठ वळून दाखवली आणि मग हात हलवला.

आंबेनळीत निम्म्या उतारावर गाडी थांबली. पुढे कठड्याचं काम चाललं होतं, रस्ता एका बाजूने बंद. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि माणसं पाय मोकळे करायला खाली उतरली. वहिनी उतरल्या म्हणून मीही उतरले. आमच्यामागे एक तरुण बाई लहान मूल कडेवर घेऊन उतरली. ती साताऱ्याकडची, पहिल्यांदाच नवऱ्याच्या गावी पोलादपूरला चालली होती. ती वर दरडीकडे बघत होती, नजर माथ्याला अडकलेली, आणि मुलाला तिने घट्ट आवळलं होतं.

"मावशी, इथे डोंगर कोसळतो ना?" तिने मला विचारलं.

"पावसात कधी कधी येते दरड," मी म्हटलं. "आता नाही. आता सगळं कोरडं आहे. या, इकडे सावलीत उभ्या राहा."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वहिनींनी पिशवीतून स्ट्रॉबेरीचा डबा काढला, एक मुलाच्या हातात दिली. त्याने ती चावली, तोंड आंबट केलं आणि दुसरी मागितली. तेवढ्यात खालून शिट्टी वाजली, ड्रायव्हर "चला, चला" म्हणाला आणि आम्ही सगळे गाडीत चढलो.